२४ तासांचं वीजजाळं, दीड लाखावर चल आणि अडकलेला सॉल्व्हर

तारेवरचा_पक्षी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रबंधासाठी एक ऑप्टिमायझेशनचा प्रश्न सोडवतोय आणि अडलोय. इथे गणितातले, संगणकातले आणि वीजखात्यातलेही लोक आहेत, म्हणून धागा काढतो.

प्रश्न असा: वीजजाळ्यात कुठल्या जनित्राने किती वीज बनवावी म्हणजे एकूण खर्च कमीत कमी होईल. बंधनं ही: प्रत्येक बसवर, म्हणजे जाळ्यातल्या जोडबिंदूवर, आवक-जावक जुळली पाहिजे (सक्रिय म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी शक्ती आणि प्रतिघाती म्हणजे व्होल्टेज टिकवायला लागणारी, दोन्ही), व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत हवं, कुठल्याही वाहिनीवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार नको, आणि जनित्र एका तासातून दुसऱ्या तासात जाताना ठरावीक वेगापेक्षा जास्त वर-खाली होता कामा नये. या शेवटच्या बंधनामुळे २४ तास एकमेकांत गुंतलेत, सुटे सोडवता येत नाहीत.

जाळं युरोपच्या उच्च दाबाच्या ग्रिडचं खुलं चाचणी-मॉडेल आहे, पेगासे २८६९. त्यात २८६९ बस, ५१० जनित्रं, ४५८२ वाहिन्या. दर बसला कोन आणि व्होल्टेज, दर जनित्राला सक्रिय आणि प्रतिघाती शक्ती, असे तासाला ६७५८ चल. २४ तासांचे १,६२,१९२. समीकरणं १,३७,७१२, शिवाय वाहिन्यांच्या आणि चढ-उताराच्या असमानता.

मॉडेल जंप या मॉडेल लिहायच्या साधनात लिहिलंय, ते सोडवणारी प्रणाली (सॉल्व्हर) आयपॉप्ट, तिच्या आतला रेषीय समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर मम्प्स. एकाच तासाचा प्रश्न दहा-पंधरा सेकंदांत सुटतो. २४ तासांचा दिला की मॉडेल तयार व्हायलाच खूप वेळ लागतो आणि पहिल्याच पायरीला मेमरी संपते. मशीनवर १६ जीबी आहे. पद्धतच बदलावी का? की मोठं मशीन मागावं? गाईड म्हणतात मशीन मागू, पण ते मिळेपर्यंत सेमिस्टर संपेल.

---

अंजनवेल

मशीन मागू नकोस अजून. दीड लाख चल हा आयपॉप्टसाठी मोठा आकडा नाही. मॅट्रिक्स विरळ (बहुतेक नोंदी शून्य) असेल तर १६ जीबीत आरामात मावायला हवा. कुठेतरी विरळपणा मोडतोय. उद्दिष्टफल जसंच्या तसं इथे टाक. फक्त इंधनखर्च आहे की आणखी काही?

---

भीमथडी

चढ-उताराच्या बंधनांमुळे होत असेल असं वाटत नाही. एका बंधनात दोनच चल असतात. अंजनवेलताई म्हणतात तसं उद्दिष्ट दाखव.

---

चिंगी_०७

मी गणिताची पदवीधर, पण यातलं काही शिकले नाही. धागा वाचायची फार इच्छा आहे. "पायरी" म्हणजे नक्की काय करतो सॉल्व्हर? इतक्या लाख चलांचा कमीत कमी बिंदू शोधतो कसा? कुणी बैजवार सांगेल का?

---

अंजनवेल

चिंगी, सांगते. पक्षी उद्दिष्ट टाकेपर्यंत वेळ आहेच.

बंधनं नसती तर न्यूटनची पद्धत पुरली असती. आहोत त्या बिंदूपाशी फलनाला द्विघाती आकार बसवायचा, त्याच्या तळाशी जायचं, पुन्हा तेच. समीकरणं आली की लॅग्रांजचे गुणक घ्यायचे, दर समीकरणाला एक. तरीही न्यूटन चालतो, फक्त अज्ञातं वाढतात.

खरी अडचण असमानतांची. "व्होल्टेज १.१ च्या वर नको" हे बंधन उत्तरापाशी ताणलेलं असेल की ढिलं, हे आधी कळत नाही. अशी लाखभर बंधनं असतील तर ताणलेली कुठली याच्या शक्यता दोनाचा लाखावा घात. एकेक तपासणं अशक्य.

इंटिरिअर पॉइंट पद्धत हा तपास टाळते. चल शून्यापेक्षा मोठा हवा असेल तर उद्दिष्टातून त्या चलाचा लॉग, म्यू या छोट्या संख्येने गुणून, वजा करायचा. चल शून्याकडे सरकला की लॉग उणे अनंताकडे जातो, वजा केल्यावर उद्दिष्ट प्रचंड वाढतं, आणि म्हणून उत्तर कुंपणाच्या आतच राहतं. आता असमानता उरली नाही, गुळगुळीत फलन आणि समीकरणं उरली. त्यावर न्यूटन चालवायचा, म्यू कमी करायचा, परत न्यूटन. म्यू शून्याकडे जाताना उत्तरांचा जो माग उमटतो त्याला मध्यमार्ग म्हणतात. त्या मार्गाने आपण खऱ्या उत्तरापाशी पोहोचतो. आयपॉप्टमध्ये म्यूची सुरुवात ०.१ पासून होते, आणि पाऊल टाकताना कुठलाही चल कुंपणापर्यंतच्या अंतराच्या साधारण ९९ टक्क्यांहून पुढे जाणार नाही याची काळजी घेतली जाते.

आता तुझा प्रश्न, पायरी म्हणजे काय. पायरी म्हणजे एका भल्यामोठ्या रेषीय समीकरणसंचाची उकल. डावीकडे वरच्या कोपऱ्यात हेसियन, म्हणजे दुसऱ्या अवकलजांचा मॅट्रिक्स, आणि त्याच्या कर्णावर कुंपणांनी टाकलेली भर. बाजूला आणि खाली बंधनांचा जेकोबियन, म्हणजे पहिल्या अवकलजांचा मॅट्रिक्स. उरलेल्या कोपऱ्यात शून्य. या मॅट्रिक्सला केकेटी मॅट्रिक्स म्हणतात, करुश, कुन आणि टकर यांच्यावरून. करुश यांनी या अटी १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एम.एस्सी.च्या प्रबंधात मांडल्या होत्या. कुन आणि टकर यांचा निबंध १९५१चा, आणि बराच काळ नाव त्या दोघांचंच चाललं.

पक्ष्याच्या प्रश्नात हा मॅट्रिक्स तीन लाखांच्या घरात ओळींचा आहे. पूर्ण भरलेला असता तर साठवताही आला नसता. पण एका बसला चार-दोनच वाहिन्या जोडलेल्या असतात, म्हणून एका ओळीत मोजक्याच नोंदी असतात. मोठे प्रश्न सुटतात ते या विरळपणाच्या जोरावर. सॉल्व्हरचा बहुतेक वेळ याच मॅट्रिक्सचे अवयव पाडण्यात जातो.

---

चिंगी_०७

खूप खूप आभार ताई. लॉगचं कुंपण पहिल्यांदाच नीट कळलं.

---

शेषशायी

अंजनवेल यांनी छान सांगितलं. या पद्धतीच्या इतिहासात एक मराठी नाव आहे, ते इथे यायलाच हवं.

रेषीय प्रश्नांसाठी डॅन्टझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ची. त्याच वर्षी तिची पहिली मोठी परीक्षा झाली ती स्टिगलर यांच्या आहाराच्या प्रश्नावर: ७७ पदार्थ, ९ पोषणघटक, सर्वांत स्वस्त आहार कुठला. नऊ कारकुनांनी हातयंत्रांवर तो सोडवला, एकूण १२० मनुष्यदिवस लागले. आज तो फोनवर डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटतो.

सिम्प्लेक्स कोपऱ्या-कोपऱ्याने चालते. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असा वाकडा घन दाखवला की ती त्याच्या सगळ्या कोपऱ्यांवरून फिरते, म्हणजे चल वाढतील तशा पायऱ्या दोनाच्या घाताने वाढतात. १९७९ मध्ये खाचियान यांनी लंबगोलाच्या पद्धतीने सिद्ध केलं की रेषीय प्रश्न बहुपदी वेळात सुटतो. सिद्धांत म्हणून फार मोठी गोष्ट, पण प्रत्यक्षात ती पद्धत इतकी मंद की कामाला आली नाही.

मग १९८४. नरेंद्र करमरकर, जन्म ग्वाल्हेरचा, आयआयटी मुंबईचे बी.टेक., बर्कलेला रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएच.डी., आणि तेव्हा बेल लॅब्समध्ये. त्यांची पद्धत कोपरे सोडून आतून चालते. वेळ बहुपदी, आणि प्रत्यक्षातही वेगवान. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. गणिताच्या एका निबंधाला पहिलं पान मिळणं किती दुर्मीळ, हे सांगायला नको. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ऑप्टिमायझेशन हा विषय घेतला तो त्या बातमीमुळे.

---

भीमथडी

शेषशायी काका, आदर ठेवून सांगतो, चित्र थोडं अपुरं आहे. लॉगचं कुंपण करमरकरांच्या आधीचं. फ्रिश यांनी १९५५ मध्ये मांडलं, फियाको आणि मॅकॉर्मिक यांनी १९६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सोव्हिएत संघात डिकिन यांनी १९६७ मध्ये जवळजवळ तसाच आतला मार्ग दिला होता, पाश्चात्त्यांना तो फार उशिरा कळला. आणि १९८६ मध्ये गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट यांनी दाखवून दिलं की करमरकरांची पद्धत लॉग-कुंपणाच्या पद्धतीशी समतुल्य आहे. आजच्या सॉल्व्हरमध्ये करमरकरांचं प्रक्षेपी रूप कुठेच नाही. तिथे आहे ते प्रायमल-ड्युअल (चल आणि गुणक एकत्रच शोधणारं) रूप, बहुतेक ठिकाणी मेहरोत्रा यांच्या १९९२च्या प्रेडिक्टर-करेक्टर सुधारणेसह.

---

शेषशायी

सगळे मुद्दे मान्य, आणि ते मांडलेत हे बरं झालं. पण १९८४च्या आधी लॉग-कुंपण जवळजवळ टाकून दिलेलं होतं. म्यू लहान झाला की मॅट्रिक्स बिघडतो या धास्तीने लोकांनी ते सोडलं होतं. १९८६चा जो निबंध तुम्ही सांगता तो करमरकरांच्या निबंधाला उत्तर म्हणूनच लिहिला गेला. जुन्या कल्पनेत बहुपदी वेळाची ताकद आहे हे त्यांनी दाखवल्यावरच सगळे तिच्याकडे परत वळले. त्यांचं श्रेय कमी होत नाही.

---

अंजनवेल

मला दोघांचंही पटतं. त्या धास्तीबद्दल एक भर घालते, कारण पुस्तकांत ती अजून भेटते. म्यू कमी झाला की ताणलेल्या बंधनांच्या जागी कर्णावर प्रचंड संख्या येतात आणि ढिल्या बंधनांच्या जागी नगण्य. कंडिशन नंबर (चूक किती पटीने वाढू शकते त्याचं माप) भयंकर दिसतो. पण या बिघाडाला एक ठरलेली रचना असते, आणि मार्गरेट राइट यांनी दाखवलं की त्यामुळे पावलाच्या दिशेतली चूक वाटते तितकी वाढत नाही. म्हणून आज दहाचा उणे आठवा घात इतक्या अचूकतेचं उत्तर सहज मिळतं.

---

तारेवरचा_पक्षी

उशीर झाला, क्षमस्व. उद्दिष्ट असं आहे:

पहिला भाग इंधनखर्च: दर जनित्राचा दर तासाला द्विघाती खर्च, सगळ्यांची बेरीज.
दुसरा भाग कार्बनचा: दिवसभरातलं एकूण उत्सर्जन ठरवलेल्या लक्ष्याजवळ राहावं म्हणून (सगळ्या जनित्रांचं सगळ्या तासांचं उत्सर्जन वजा लक्ष्य) या फरकाचा वर्ग, गुणिले एक वजन.

दुसरा भाग एकाच ओळीचा आहे, म्हणून आधी लिहिला नव्हता.

---

अंजनवेल

हीच ती ओळ.

५१० जनित्रं गुणिले २४ तास, म्हणजे १२,२४० चलांची बेरीज आणि तिचा वर्ग. तो वर्ग उलगडला की प्रत्येक चलाचा प्रत्येक चलाशी गुणाकार येतो. हेसियन सममित, म्हणून अर्धाच साठवला तरी या एका ओळीतून साडेसात कोटी नोंदी तयार होतात. ती ओळ नसेल तर तुझ्या पूर्ण हेसियनमध्ये किती नोंदी? दर बसला तीन, दर वाहिनीला चार, जनित्राला एक, गुणिले २४: साडेसहा-सात लाख. म्हणजे एका ओळीने मॅट्रिक्स शंभरपट भरला. जंप तो वर्ग पदापदाने उलगडतो, म्हणून मॉडेल बनायलाच वेळ लागतोय.

उपाय: चल वाढव. दर तासाच्या उत्सर्जनाला एक नवा चल दे, आणि "हा चल म्हणजे त्या तासाच्या ५१० जनित्रांच्या उत्सर्जनाची बेरीज" असं रेषीय समीकरण लिही. मग दिवसाच्या एकूण उत्सर्जनाला आणखी एक चल, आणि त्याचं समीकरण २४ तासांच्या बेरजेचं. उद्दिष्टात वर्ग फक्त त्या शेवटच्या चलाचा. २५ चल आणि २५ समीकरणं वाढली, साडेसात कोटींच्या जागी हेसियनमध्ये एक नोंद उरली, आणि जेकोबियनमध्ये तेरा हजारांच्या आत नोंदींची भर पडली.

आपल्याला शाळेपासून चल कमी करायची सवय लागलेली असते. मोठ्या विरळ प्रश्नात तेच नडतं. प्रतिस्थापन करून एक चल घालवला की तो ज्या-ज्या ठिकाणी होता ती सगळी ठिकाणं एकमेकांना जोडली जातात.

---

भीमथडी

हे सोन्यासारखं आहे. रेषीय प्रश्नात याचा जुळा भाऊ आहे: बंधनांच्या मॅट्रिक्समध्ये एखादा स्तंभ भरगच्च असेल आणि सॉल्व्हर नॉर्मल इक्वेशन्स (मॅट्रिक्स गुणिले त्याचाच परिवर्त) वापरत असेल, तर त्या एका स्तंभाने सगळा मॅट्रिक्स भरतो. त्यामुळे चांगले सॉल्व्हर असे स्तंभ ओळखून बाजूला काढतात.

पक्ष्या, आणखी एक. मम्प्सऐवजी रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेचा एमए५७ हा रेषीय सॉल्व्हर वापरून बघ, शैक्षणिक कामाला मोफत मिळतो. आणि क्रमवारी मेटिसची घे.

---

चिंगी_०७

क्रमवारी कसली?

---

अंजनवेल

अवयव पाडताना चल कुठल्या क्रमाने काढून टाकायचे त्याची. एक चल काढला की त्याचे सगळे शेजारी एकमेकांचे शेजारी होतात, म्हणजे जिथे शून्य होतं तिथे नवी नोंद भरते. क्रम चुकला तर विरळ मॅट्रिक्सचे अवयव भरगच्च निघतात.

एक युक्ती म्हणजे दर वेळी सर्वांत कमी शेजारी असलेला चल आधी काढायचा. दुसरी जॉर्ज यांची, १९७३ची, नेस्टेड डिसेक्शन: जाळं मधोमध कापायचं, कापाच्या सीमेवरचे चल शेवटी ठेवायचे, आणि दोन्ही तुकड्यांवर पुन्हा तेच. मेटिस ही प्रणाली हेच करते. पक्ष्याच्या प्रश्नात तर काप उघड दिसतो. बारावा आणि तेरावा तास यांच्यामध्ये दुवा फक्त ५१० जनित्रांच्या चढ-उताराचा. तिथे कापलं की सकाळ एकीकडे, संध्याकाळ दुसरीकडे. उत्सर्जनाचे ते २५ चल सगळ्यात शेवटी.

---

रात्रपाळी

मी भारनियंत्रण कक्षात काम करतो, गणिताचा माणूस नाही. पण हा धागा आमच्या रोजच्या कामाचा आहे म्हणून लिहितो.

आपल्याकडे दिवसाचे २४ भाग नसतात, १५-१५ मिनिटांचे ९६ भाग असतात. पक्ष्याचंच जाळं घेतलं तर साडेसहा लाख चल होतील. २०१९च्या एप्रिलपासून आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी जे किफायतशीर भारवाटप सुरू झालं, त्यात रेषीय मॉडेल वापरलं जातं. प्रतिघाती शक्ती आणि व्होल्टेज त्यात नसतं. व्होल्टेजकडे आम्ही वेगळं लक्ष ठेवतो. शेवटी कक्षात वेळेत आणि दर वेळी उत्तर येणं महत्त्वाचं असतं.

पण पूर्ण मॉडेलवर काम करणारी मुलं आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, कारण रेषीय मॉडेलला जे दिसत नाही तेच कधीतरी अंगावर येतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ला ग्रिड कोसळलं तेव्हा सुरुवात ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर वाहिनीपासून झाली. तिच्यावर भार वाढत गेला, ती सुटली आणि मग एकामागून एक. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची वाहिनी जोडली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एक झालं. तेव्हापासून केरळपासून काश्मीरपर्यंत एकच ५० हर्ट्झ. त्यामुळे प्रश्नाचा आकारही देशाएवढा झाला.

---

तारेवरचा_पक्षी

अंजनवेलताई, काय बोलू! २५ चल वाढवले, एमए५७ आणि मेटिस लावलं. मॉडेल लगेच तयार होतं, मेमरी चार जीबीच्या आत राहते, पायऱ्या भराभर पडतात. रात्रपाळी काका, तुमचा प्रतिसाद गाईडना दाखवला, प्रस्तावनेत ९६ भागांचा उल्लेख घालायला सांगितलंय.

पण आता नवं. साठेक पायऱ्या नीट जातात, मग लॉगमध्ये पायरीच्या आकड्यापुढे 'आर' अक्षर यायला लागतं. बंधनभंगाचा स्तंभ दहाचा उणे दुसऱ्या घाताच्या आसपास अडकतो, खाली येत नाही. पावलाची लांबी अगदी बारीक. शेवटी सॉल्व्हर म्हणतो की स्थानिक पातळीवर बंधनं जुळत नाहीत, प्रश्नाला कदाचित उत्तरच नसेल. एका तासाला मात्र व्यवस्थित उत्तर येतं.

---

अंजनवेल

'आर' म्हणजे रेस्टोरेशन. आयपॉप्ट दर पावलाला बघतो की उद्दिष्ट तरी सुधारलं किंवा बंधनभंग तरी कमी झाला. याला फिल्टर म्हणतात, फ्लेचर आणि लायफर यांची कल्पना. दोन्हींपैकी काहीच जमेना, पाऊल बारीक होत गेलं, की तो उद्दिष्ट बाजूला ठेवतो आणि फक्त बंधनभंग कमी करायच्या मागे लागतो. तिथेही अडला तर तुला आलाय तो निरोप देतो.

त्या निरोपाचे अर्थ दोन. एक, खरंच उत्तर नाही. दोन, उत्तर आहे पण हा बिंदू बंधनभंगाच्या एखाद्या स्थानिक खड्ड्यात अडकलाय. प्रश्न बहिर्वक्र (एकच तळ असलेल्या वाडग्यासारखा) नाही, त्यामुळे दुसरी शक्यताही खरी आहे.

शोधायची पद्धत अशी: दर बसच्या दोन्ही समीकरणांत दोन-दोन नवे चल घाल, दोन्ही शून्यापेक्षा मोठे, एक अधिक चिन्हाने, एक उणे. म्हणजे तुटवडा आणि जादा. त्यांची बेरीज मोठ्या वजनाने उद्दिष्टात टाक. वर्ग नको, नुसती बेरीज. वजन सर्वांत मोठ्या लॅग्रांज गुणकापेक्षा जास्त असेल, तर मूळ प्रश्नाला उत्तर असताना हे चल नेमके शून्यावर येतात. वर्ग घेतलास तर थोडे-थोडे सगळीकडे उरतात आणि काही कळत नाही. मग कुठल्या बसवर, कुठल्या तासाला ते शून्य नाहीत त्याची यादी कर.

---

रात्रपाळी

मी यादी न बघता सांगतो, आधी संध्याकाळचे तास बघ. आणि मध्यरात्रीनंतरचे. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, रात्री मोकळ्या वाहिन्यांवर चढतं.

---

ऱ्हाइनकाठी

थोडा वेगळा सूर लावतो. अवयव पाडणं आता सोडून द्यावं असं मला वाटतं. रेषीय प्रश्नांत २०२१ पासून पीडीएलपी ही अवयव न पाडणारी पद्धत आलीय. त्यात फक्त मॅट्रिक्स गुणिले सदिश, बाकी काही नाही. जीपीयूवर ते तुफान पळतं, मेमरी फक्त मूळ मॅट्रिक्सएवढी. क्रमवारी, भरण, कसलीच कटकट नाही. कोट्यवधी चलांचे प्रश्न असेच सुटणार.

---

भीमथडी

जिथे अवयव मेमरीतच मावत नाहीत तिथे पीडीएलपीला तोड नाही, हे मान्य. पण दोन गोष्टी. चार दशांश अचूकता पटकन येते, आठ दशांशाला पायऱ्या हजारोंनी वाढतात. इंटिरिअर पॉइंटला प्रश्न केवढाही असो, पायऱ्या बहुधा वीस ते शंभरच्या दरम्यान लागतात. आणि पक्ष्याचा प्रश्न रेषीय नाहीच. साइन-कोसाइनची समीकरणं आहेत, तिथे पीडीएलपी लावता येत नाही.

सिम्प्लेक्सही टाकाऊ नाही. एक प्रश्न सोडवून झाला, एक बंधन बदललं, पुन्हा सोडवायचाय: अशा वेळी ड्युअल सिम्प्लेक्स आधीच्या कोपऱ्यावरून निघून दोन-चार पावलांत पोहोचते. इंटिरिअर पॉइंटला आधीचं उत्तर देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण ते उत्तर कुंपणाला चिकटलेलं असतं आणि पद्धतीला सुरुवात आतून हवी असते. पूर्णांक चलांच्या प्रश्नात एकामागून एक हजारो रेषीय प्रश्न सोडवावे लागतात, तिथे म्हणूनच आजही सिम्प्लेक्सचंच राज्य आहे.

---

ऱ्हाइनकाठी

अचूकतेचा मुद्दा रास्त आहे. तरी व्यवहारात भाराचा अंदाजच दोन टक्क्यांनी चुकत असेल, तर आठ दशांश कशाला?

---

रात्रपाळी

उत्पादनाच्या आकड्यांना नकोत. पण गुणकांना हवेत. त्या बसवर एक मेगावॉट जास्त लागली तर खर्च किती वाढेल, हे त्या बसचा गुणक सांगतो. भाव त्यावरून ठरवायचे असतील तर उत्तर अर्धवट शिजलेलं चालत नाही. वाहिन्यांवर कोंडी नसेल तर सगळीकडे गुणक जवळजवळ सारखे. एक वाहिनी भरली की तिच्या दोन बाजूंना भाव वेगळे होतात. भाव कुठे फाटला हे बघून वाहिनी कुठे बांधायची ते ठरतं. तो फरक खरा आहे की सॉल्व्हर लवकर थांबला म्हणून आलाय, हे कळलं पाहिजे.

---

ऱ्हाइनकाठी

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पटला.

---

तारेवरचा_पक्षी

यादी आली. रात्रपाळी काका, तुम्ही म्हणालात तसंच. सक्रिय शक्तीचे सगळे जादा-तुटवड्याचे चल शून्य. प्रतिघाती शक्तीचे मात्र १९ ते २१ या तासांत मोजक्याच बसवर शून्य नाहीत, त्या सगळ्या बस एकमेकींजवळच्या. भाराचा आलेख मी ०.७० ते १.१५ या गुणकांनी बनवला होता आणि सक्रिय व प्रतिघाती दोन्ही त्याच गुणकाने वाढवले होते. त्या भागात इतकी प्रतिघाती शक्ती पुरवणारं काही नाही.

आता त्या बसवर प्रतिघाती शक्ती पुरवणारी कपॅसिटर बँक धरू का? टप्प्याटप्प्याची न धरता सलग चल म्हणून?

---

रात्रपाळी

धर. प्रत्यक्षातही हेच करतात. सलग धरून उत्तर आलं की जवळच्या टप्प्यावर बसव आणि ते टप्पे पक्के ठेवून एकदा परत सोडव. कमाल मर्यादा मात्र वाजवी ठेव, नाहीतर सॉल्व्हर सगळं व्होल्टेज कपॅसिटरवरच उचलून धरेल.

---

अंजनवेल

आणि एकके तपास. शक्ती पर-युनिटमध्ये (ठरलेल्या पायाभूत मूल्याच्या पटीत) असेल, कोन रेडियनमध्ये, पण उत्सर्जन टनांत आणि खर्च युरोत घेतलास तर नव्या समीकरणांतले आकडे बाकीच्यांच्या हजारोपट होतील. आयपॉप्ट स्वतःचं स्केलिंग करतो, पण ते सुरुवातीच्या बिंदूवरच्या ग्रेडियंटवरून. उत्सर्जन हजार टनांत मोज, सगळे आकडे एकाच्या आसपास आण.

उत्तर आलं की ते स्थानिक आहे हे प्रबंधात स्पष्ट लिही. खालची सीमा हवी असेल तर जबर यांची २००६ची कोनिक शिथिल मांडणी घे. ती बहिर्वक्र आहे, त्यामुळे तिचं उत्तर खऱ्या किमान खर्चाच्या वर जाऊच शकत नाही. तुझं उत्तर आणि ती सीमा यांच्यात एखाद-दोन टक्क्यांचंच अंतर निघालं तर परीक्षकांना आणखी काही विचारायला उरणार नाही. पण आधी एका तासावर करून बघ.

---

तारेवरचा_पक्षी

कपॅसिटर घातले, उत्सर्जन हजार टनांत घेतलं. 'आर' एकदाही आला नाही, बंधनभंग दहाचा उणे नववा घात, उत्तर सापडलं असा निरोप. गुणकांचा तासवार नकाशा काढतोय. १९व्या तासाला एका वाहिनीच्या दोन्ही बाजूंना भाव चांगलेच वेगळे दिसतात.

कोनिक मांडणीचं एका तासाचं मॉडेल लिहायला घेतलं आहे. त्यात वाहिनीची मर्यादा प्रवाहावर घ्यावी की शक्तीवर?

---

अंजनवेल

मूळ मॉडेलमध्ये जी घेतलीस तीच. नाहीतर दोन्हींची तुलना करता येणार नाही. शक्तीवर घेतली असशील तर दोन्ही टोकांना घे, वाहिनीत तोटा होतो, त्यामुळे दोन टोकांचे आकडे सारखे नसतात.